ताशी १०५ किलोमीटर, साल १८९९

परवा संध्याकाळी बायपासच्या चौकात चार-पाच पोरं एका नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरला घेरून उभी होती. मीही थांबलो. विचारलं, काय रे, केवढ्याला पडली? मालक जोरात होता. म्हणाला, "काका, किंमत सोडा, पिकअप बघा. पेट्रोलवाल्यांना जागेवरच मागं टाकते. नवीन टेक्नॉलॉजी हाय ही, तुमच्या टायमाला नव्हती." मी म्हटलं, "बाळा, माझ्या पणजोबांच्या टायमाला होती." पोरं हसली. त्यांना वाटलं, काका फेकतायत.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो. पण गोष्ट चांगली आहे, आणि शेवटी ती आपल्या बायपासवरच येऊन थांबणार आहे.

जगात ज्या मोटारीने पहिल्यांदा ताशी १०० किलोमीटरची रेषा ओलांडली ती पेट्रोलवर चालत नव्हती. डिझेलवर नाही, वाफेवरही नाही. ती बॅटरीवर चालत होती. तारीख २९ एप्रिल १८९९. जागा पॅरिसच्या जवळचं आशेर. आणि चालवणारा होता बेल्जियमचा तीस वर्षांचा इंजिनियर, कामिय जेनात्झी. दाढी तांबडीलाल, म्हणून लोक त्याला 'लाल सैतान' म्हणायचे.

तो काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून आपल्याकडचं सांगतो. एप्रिल १८९९ म्हणजे पुण्यात प्लेगची दहशत, आणि रँडच्या खुनाच्या खटल्यात वासुदेव आणि बाळकृष्ण चाफेकर फाशीच्या दोराची वाट बघत होते. पुढच्याच महिन्यात, मे १८९९ मध्ये, त्यांना येरवड्यात फाशी झाली. मुंबईत ट्राम होती, पण ती घोडे ओढायचे. विजेची ट्राम मुंबईला यायला १९०७ साल उजाडलं. त्या दिवसांत तिकडे एक माणूस बॅटरीच्या गाडीवर १०५ च्या वेगाने सुटला होता.

जेनात्झीचा जन्म १८६८ चा, ब्रुसेल्सच्या अंगचा. घरचा रबराचा कारखाना होता. म्हणजे पैशाची चणचण नव्हती. पोरगा इंजिनियर झाला, सायकलच्या शर्यती मारल्या, आणि मग पॅरिसला जाऊन विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या आणि मालवाहू गाड्या बनवायच्या धंद्यात पडला. हो, विजेच्या टॅक्सी. त्याही तेव्हा होत्या. लंडनमध्ये १८९७ सालीच विजेवरच्या टॅक्सी रस्त्यावर आल्या होत्या. घोड्याची लीद नाही, धूर नाही, हँडल मारून इंजिन चालू करायची कटकट नाही. शहरातल्या लोकांना ते आवडायचं.

पॅरिसमध्ये या धंद्यात दुसरं मोठं नाव होतं जांतो. आणि जांतोच्या गाडीवर बसायचा एक सरदार घराण्यातला गृहस्थ, काउंट गास्तों द शासलू-लोबा. आता खरी गंमत सुरू होते.

१८ डिसेंबर १८९८ ला 'ला फ्रान्स ऑटोमोबिल' नावाच्या मासिकाने आशेरच्या सरळसोट रस्त्यावर वेगाची चाचणी ठेवली. पळत्या गाडीने एक किलोमीटर किती सेकंदांत कापला, एवढंच मोजायचं. काउंटने जांतोची विजेची गाडी घेऊन ५७ सेकंदांत किलोमीटर मारला. म्हणजे ताशी ६३ किलोमीटर. जमिनीवरच्या मोटारीच्या वेगाचा हा पहिला नोंदलेला विक्रम. लक्षात घ्या, चाचणी भरवणारं कोण होतं? एक मासिक. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे कामाला येईल.

जेनात्झी त्या दिवशी तिथे नव्हता. त्याला हे सहन होईना. त्याने काउंटला जाहीर आव्हान दिलं.

मग जे झालं ते अगदी आपल्या गावच्या ईर्ष्येसारखं. एकाने दहा थरांची हंडी लावली की दुसऱ्याने अकराची जाहीर करायची. १७ जानेवारी १८९९ ला जेनात्झीने ५४ सेकंदांत किलोमीटर मारला, ताशी ६६ च्या वर. त्याचं कौतुक पुरतं व्हायच्या आत, त्याच दिवशी काउंट उतरला आणि ७० वर गेला. त्या धावेत काउंटच्या गाडीची मोटर शेवटी शेवटी जळाली, तरी गाडी आधीच्या वेगावर रेषेपलीकडे गेली. दहा दिवसांनी, २७ जानेवारीला, जेनात्झी पुन्हा आला. ४४.८ सेकंद. ताशी ८० किलोमीटर. काउंट गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने जांतोकडून गाडीला हवा कापणारा आकार करून घेतला आणि ४ मार्चला ३८.८ सेकंदांत किलोमीटर कापला. ताशी ९२.

अडीच महिन्यांत ६३ वरून ९२. यात खेळ होताच, पण धंदाही होता. दोघंही विजेच्या गाड्यांच्या बाजाराशी बांधलेले. पेपरात ज्याचं नाव येईल त्याच्या गाडीला गिऱ्हाईक. आज कंपन्या जाहिरातीत 'शून्य ते साठ अमुक सेकंदांत' सांगतात ना, त्याचीच ही आजी.

आता जेनात्झीने ठरवलं की किरकोळ दुरुस्त्या पुरे. त्याने फक्त वेगासाठी अशी गाडी करून घेतली. दिसायला ती गाडी कमी आणि तोफगोळा जास्त. पुढून-मागून निमुळती, हलक्या मिश्रधातूच्या पत्र्याची. मागच्या धुरीवर थेट दोन विजेच्या मोटरी, मध्ये गिअर नाही, साखळी नाही. दोन्ही मिळून ताकद ६८ अश्वशक्तीच्या आसपास. पोटात ठासून भरलेल्या फुलमेन कंपनीच्या बॅटऱ्या. टायर मिशेलिनचे. गाडीचं नाव त्याने ठेवलं 'ला जामे कोंतांत', म्हणजे कधीच समाधान न होणारी. नाव गाडीचं, पण वर्णन मालकाचं वाटतं.

या गाडीचे फोटो आजही बघायला मिळतात. बघून हसू येतं. गाडीचा आकार गोळीसारखा, हवा कापायला केलेला, आणि जेनात्झी त्या गोळीच्या वर कमरेपासून सगळा बाहेर बसलेला, घोड्यावर बसल्यासारखा. खाली चाकं आणि सांगाडाही उघडाच. म्हणजे आकाराचा फायदा बराचसा वाया. पण पहिल्यांदा काही करणाऱ्याचं असंच असतं. अर्ध कळलेलं असतं, अर्ध कळायचं असतं.

२९ एप्रिलला त्याने किलोमीटर मारला तो ३४ सेकंदांत. हिशेब करा, ताशी १०५.८८ किलोमीटर. जगात कुणीही मोटारीत बसून एवढ्या वेगाने गेलेलं नव्हतं. हा विक्रम नंतर तीन वर्षं टिकला. एप्रिल १९०२ मध्ये सेर्पोलेने नीसला वाफेच्या गाडीवर १२० गाठले तेव्हा तो मोडला. आणि पेट्रोलच्या गाडीला वेगाचा विक्रम पहिल्यांदा मिळाला तो ऑगस्ट १९०२ मध्ये. तोवर पेट्रोल तिसऱ्या नंबरवर होतं. वीज पहिली, वाफ दुसरी.

मग प्रश्न येतो, वीज एवढी पुढे होती तर हरली कशी?

कारण वेग ३४ सेकंदांचा होता. बॅटरी शिशाची, वजनाने जड, आणि जोरात पळवली की भराभर उतरणारी. आजची चांगली शिशाची बॅटरी घेतली तरी एक किलो वजनात ३०-४० वॅट-तास ऊर्जा मावते. एक किलो पेट्रोलमध्ये ती १२ हजारांच्या आसपास असते. त्यातली बरीचशी इंजिनात उष्णता होऊन वाया जाते हे धरलं तरी तफावत प्रचंड. शहरात दहा-वीस किलोमीटर फिरायला बॅटरी ठीक, पण एका गावातून दुसऱ्या गावाला जायचं तर वाटेत चार्जिंग कुठे? तेव्हा खेडोपाडी वीजच नव्हती. पेट्रोलचा डबा मात्र औषधाच्या दुकानातसुद्धा मिळायचा. पुढे १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली. १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटणावर चालू होणारं इंजिन दिलं, आणि हँडल मारायची जी एक कटकट विजेच्या गाडीला गिऱ्हाईक मिळवून देत होती, तीही गेली. जांतोचा कारखाना त्याच्या आधीच, १९०६ मध्ये, बंद पडला होता. गंमत बघा, पेट्रोल गाडीला जिंकवलं शेवटी विजेच्याच मोटरीने. स्टार्टर म्हणजे दुसरं काय?

जेनात्झीला हे लवकर कळलं. त्याने पेट्रोल आणि वीज दोन्ही एकत्र वापरणाऱ्या गाड्याही करून बघितल्या. आज ज्याला आपण हायब्रिड म्हणून शोरूममध्ये जास्त पैसे मोजतो, तोच प्रकार. पण शर्यतीसाठी तो सरळ पेट्रोलकडे वळला. १९०२ च्या आर्डेनच्या शर्यतीत त्याच्या गाडीचा चक्काचूर झाला, हा पठ्ठ्या वाचला. आणि मग त्याला मर्सिडीज मिळाली.

आता येतो १९०३ सालावर. ही पोस्ट खरं तर या सालासाठी लिहिली आहे.

त्या काळी मोटारीच्या शर्यती मैदानात नसायच्या. साध्या रस्त्यावर, एका शहरातून दुसऱ्या शहरात. २४ मे १९०३ ला पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत निघाली. व्हर्सायहून, पहाटे साडेतीनला, अंधारात. दोनशेहून जास्त गाड्या, एकामागून एक सोडलेल्या. मर्सिडीज घेऊन जेनात्झीही त्यात होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसं. कुठे दोरी नाही, कुठे कठडा नाही. मोटार म्हणजे काय, ती किती वेगाने येते, हे बहुतेकांनी कधी बघितलेलंच नव्हतं.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीला जाणाऱ्याला ही गर्दी समजावून सांगायला नको. गाडा सुटला की माणसं आणखी पुढे सरकतात. घाटाची वाट अरुंद होत जाते आणि बैल अगदी अंगावर आले की मगच गर्दी फाटते. तिकडे बैलांच्या जागी हजार किलोच्या मोटारी होत्या. मातीचा रस्ता, धुळीचे लोट, पुढच्या गाडीच्या मागे काहीही दिसत नाही, आणि ब्रेक नावालाच.

व्हायचं ते झालं. रेनो कंपनीच्या भावांपैकी मार्सेल रेनोची गाडी रस्ता सोडून गेली, दोन दिवसांनी तो वारला. लोरेन बॅरो नावाच्या शर्यतवाल्याची गाडी झाडावर गेली. त्याचा मेकॅनिक जागीच गेला आणि तो स्वतः नंतर दगावला. अंगुलेम गावात एक लहान मूल रस्त्यात आलं. त्याला ओढायला एक सैनिक धावला. गाडी दोघांवर गेली, आणि गर्दीतल्या आणखी एकाचा जीव गेला.

पहिला टप्पा बोर्दोला संपत होता. तिथे पोचेपर्यंत सरकारचा हुकूम आला, शर्यत बंद. गाड्या चालवून परत नेण्याचीही परवानगी नाही. ज्या गाड्या काही तासांपूर्वी शंभराच्या वेगाने आल्या होत्या त्यांना घोडे जुंपून रेल्वे स्टेशनवर नेलं आणि मालगाडीत चढवलं. मार्सेलचा भाऊ लुई रेनो पुढच्या नंबरात बोर्दोला पोचला होता. भावाची बातमी त्याला तिथे कळली. नंतर तो कधी शर्यतीत उतरला नाही.

आता एक आकडा बघा. बोर्दोपर्यंतचं ५५२ किलोमीटर अंतर सगळ्यात कमी वेळात कापलं फर्नांड गाब्रिएलने. सरासरी वेग ताशी १०५ किलोमीटर. चार वर्षांपूर्वी जेनात्झीने जो वेग रिकाम्या, सरळ रस्त्यावर, मोजून ३४ सेकंद गाठला होता, तोच वेग आता गावांमधून, झाडांमधून, माणसांमधून सव्वापाच तास चालला होता. गाडी बदलली होती. रस्ता तोच होता, आणि रस्त्यावरची माणसंही तीच.

याच्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, २ जुलै १९०३ ला, आयर्लंडमध्ये दुसरी शर्यत झाली. गॉर्डन बेनेट कप. हा बेनेट कोण? 'न्यूयॉर्क हेरल्ड'चा मालक. आफ्रिकेत हरवलेल्या लिव्हिंग्स्टनला शोधायला स्टॅन्लीला पाठवणारा तोच. परत एकदा पेपरवाला.

आदल्या वर्षी हा कप इंग्रजांनी जिंकला होता, म्हणून यजमानपद ब्रिटनकडे. पण ब्रिटनमध्ये मोटारीला कायद्याने ताशी १४ मैलांच्या वर जायला बंदी होती. तिथे शर्यत कशी घेणार? मग आयर्लंडपुरता वेगळा कायदा पार्लमेंटमध्ये मंजूर केला. अथाय गावाच्या आसपासचे रस्ते ठरवले, ते त्या दिवसापुरते बंद केले, हजारो पोलीस उभे केले. गाव आलं की शर्यतीचं घड्याळ थांबायचं. तेवढा पट्टा गाडीने हळू, सायकलस्वाराच्या मागे मागे, पार करायचा, आणि गावाबाहेर पडलं की पुन्हा शर्यत. गाड्याही मोजक्याच. चार देश, प्रत्येकी तीन, म्हणजे बारा.

जेनात्झी जर्मनीकडून मर्सिडीज चालवणार होता. त्यासाठी कंपनीने ९० अश्वशक्तीच्या खास गाड्या तयार केल्या होत्या. १० जूनला कानश्टाटच्या कारखान्याला आग लागली आणि त्या गाड्या जळून गेल्या. शर्यतीला राहिले तीन आठवडे. मग कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांकडे विकलेल्या गाड्या परत मागितल्या. डिन्समोर नावाच्या एका अमेरिकन धनिकाने आपली रोजच्या वापराची ६० अश्वशक्तीची मर्सिडीज दिली. कमी ताकदीची, उसनी गाडी. जेनात्झी तीच घेऊन उतरला आणि ५२७ किलोमीटर ६ तास ३९ मिनिटांत पार करून पहिला आला. सरासरी ताशी ७९. मागे फ्रान्सचे द क्नीफ आणि फार्मन. मर्सिडीज हे नाव त्या दिवसानंतर जगभर झालं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या शर्यतीतही अपघात झाले. इंग्लंडच्या चार्ल्स जॅरटची गाडी उलटली, तो आणि त्याचा मेकॅनिक जखमी झाले. पण एकही माणूस मेला नाही. बघ्यांतलाही नाही, चालवणाऱ्यांतलाही नाही.

तेच साल. तसल्याच गाड्या. बरेचसे चालवणारेही तेच. सहा आठवड्यांच्या अंतराने एका शर्यतीत रस्त्यावर प्रेतं पडली आणि दुसरीत नाही. आयर्लंडचे लोक काही फ्रेंचांपेक्षा जास्त शहाणे नव्हते, किंवा जेनात्झी अचानक सभ्य झाला नव्हता. तिथे फरक पडला तो बंदोबस्ताचा. रस्ता बंद, गर्दी मागे, गावात वेग नाही, आणि हे सगळं कुणाच्या तरी जबाबदारीवर, कायद्याने. पुढे १९०७ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सला खास शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक सुरू झाला. वेगाला रस्त्यावरून उचलून स्वतःची जागा दिली. वेगाचं वेड कमी झालं नाही, ते वाढतच गेलं. पण शाळेतून घरी चाललेल्या मुलाच्या वाटेतून ते बाजूला झालं.

जेनात्झीचं पुढे काय झालं? १९०४ च्या गॉर्डन बेनेटला तो दुसरा आला, फ्रान्सच्या लिओं तेरीच्या मागे. नंतरही काही वर्षं शर्यतींत दिसत राहिला. मग घरच्या रबराच्या, टायरच्या धंद्यात लक्ष घातलं. असं सांगतात की तो मित्रांना म्हणायचा, मी मरेन तर मर्सिडीजमध्येच मरेन.

डिसेंबर १९१३. आर्डेनच्या जंगलात आबे-ला-नव्हजवळ मित्रमंडळी शिकारीला जमली होती. जेनात्झीला थट्टेची हौस. रात्री तो झुडपामागे लपला आणि रानडुकरासारखा आवाज काढायला लागला. मित्रांना घाबरवायचं, हसायचं, एवढंच डोक्यात. आल्फ्रेद मादू नावाच्या मित्राने डुक्कर समजून गोळी झाडली. झुडपातून माणसाची किंकाळी आली. त्याला गाडीत घालून दवाखान्याकडे निघाले, पण रक्त फार गेलं होतं. वाटेतच संपला. गाडी मर्सिडीज होती, असं सांगतात. वय ४५.

आणि गोळी झाडणारा मादू कोण? ब्रुसेल्सच्या 'लेत्वाल बेल्ज' या वर्तमानपत्राचा संचालक. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, हा निव्वळ अपघात. पण वीस-बावीस वर्षं याच धंद्यात काढलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट टोचते. या माणसाच्या आयुष्याच्या तीन वळणांवर पेपरवाला उभा आहे. पहिल्या विक्रमाचं घड्याळ एका मासिकाने लावलं. सगळ्यात मोठा विजय पेपरमालकाच्या नावाच्या कपावर. आणि शेवटची गोळी पेपरच्याच माणसाच्या बंदुकीतून.

पहिली दोन वळणं योगायोगाची नाहीत. वेगाला प्रेक्षक लागतो. मोजणारा लागतो, छापणारा लागतो. आशेरच्या रस्त्यावर घड्याळ घेऊन कुणी उभं नसतं तर जेनात्झी आणि काउंट एवढ्या ईर्ष्येने पळालेच नसते. पॅरिस-माद्रिदच्या आधी पेपरांनी रकानेच्या रकाने भरले नसते तर पहाटे साडेतीनला लाखो लोक रस्त्यावर आले नसते. आज मासिकाच्या जागी मोबाइल आहे. घड्याळाच्या जागी स्पीडोमीटरचा व्हिडिओ. बायपासवर एक हात हँडलला आणि एक हात मोबाइलला लावून १०५ चा काटा दाखवणारं पोरगं तेच करतंय. त्याला काउंटला हरवायचं नाही. त्याला शेजारच्या गावातल्या पोराच्या रीलला हरवायचंय.

आणि आम्ही पेपरवाले? कबूल करतो. 'थरार' हा शब्द मी स्वतः मथळ्यात किती वेळा वापरला, मोजायला बसलो तर लाज वाटेल. अपघाताची बातमी आली की गाडी कुठली, वेग किती, कोणाचा मुलगा, हे पहिल्या ओळीत. आणि कडेने चालणारी बाई, भाजीची पाटी घेऊन निघालेली? ती शेवटच्या ओळीत. 'एक पादचारी महिला गंभीर.' नावसुद्धा कधी कधी दुसऱ्या दिवशी. पॅरिस-माद्रिदच्या इतिहासात मार्सेल रेनोचं नाव सगळीकडे ठळक आहे. अंगुलेमच्या त्या लहान मुलाचं नाव तुम्हाला माहीत आहे? सव्वाशे वर्षं झाली, आमची सवय बदललेली नाही.

म्हणून पोरांना उपदेश करायला ही पोस्ट नाही. उपदेशाने जेनात्झी थांबला नसता. त्याच्या गाडीचं नावच 'कधीच समाधान न होणारी' होतं. अठरा-वीस वर्षांच्या पोराला वेग आवडणार. त्याच्या हातात आता अशी मोटर आहे जी जागेवरून उठतानाच पूर्ण जोर देते. विजेच्या मोटरीचा हा गुण १८९९ सालीही होता आणि आजही आहे. फरक एवढाच की तेव्हा ती एका बेल्जियन इंजिनियरकडे होती, आता हप्त्यावर प्रत्येक गल्लीत आहे. आणि आवाज नाही. मागून येते ते म्हाताऱ्या माणसाला कळतसुद्धा नाही.

आपल्याला आयर्लंडसारखा स्वतंत्र कायदा करायला नको. पण तिथे जे केलं त्यातलं थोडं तरी जमेल की. बायपासला गाव लागतं तिथे वेग उतरवायची सोय हवी. रंग उडालेला, रात्री न दिसणारा गतिरोधक ही सोय नव्हे, तो दुसरा अपघात. शाळेसमोर चालायला पदपथ हवा, तिथे टपऱ्या आणि उभ्या गाड्या नकोत. हे नगरपालिका आणि बांधकाम खात्याचं काम आहे आणि त्यांना ते विचारत राहणं हे आपलं. एखादं मोकळं मैदान, महिन्यातून एक रविवार, हेल्मेट, दोरी, पोलीस आणि अँब्युलन्स लावून पोरांना द्यायचं का, यावरही बोलू. काही जण म्हणतील, हे लाड आहेत. मला वाटतं ब्रुकलँड्सही कुणाला तरी लाडच वाटले असतील.

माझ्यापुरतं मी एक ठरवलंय. यापुढे अपघाताची बातमी लिहिताना पहिल्या ओळीत रस्त्याने चालणाऱ्या माणसाचं नाव. गाडीचं मॉडेल शेवटी. 'थरार' बंद. मी चुकलो तर कमेंटमध्ये कान धरा, हक्काने.

ती गाडी अजून आहे बरं का. फ्रान्समध्ये कोंपियेनच्या वाहन संग्रहालयात. तोफगोळ्यासारखी, जागच्या जागी उभी. आणि परवाच्या त्या पोराला मी तिचा फोटो मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, याला हेल्मेट नाय घातलेलं." मी म्हटलं, "तुला तरी कुठं आहे?"

हसला. पण स्कूटरची डिकी उघडून हेल्मेट काढलं, हेही सांगायला हवं.